दम राखून बोला!

या सदरात एरवी डॉक्टर मंडळी लिहितात आणि आपण रुग्ण मंडळी वाचतो. आज उलटे झाले आहे. ज्या डॉक्टरांनी माझ्यावर उपचार केले तेच म्हणाले, "आम्ही लिहिलेले लोक वाचतात आणि विसरतात. तुमचा आवाज घरोघरी ओळखीचा आहे. तुम्हीच लिहा काय झाले ते." म्हणून हा प्रपंच.

मी आकाशवाणीवर उद्घोषक आहे. १९९६ साली नोकरीला लागलो. पहाटे चहाचे आधण ठेवताना, दुपारी बांधावर भाकरी सोडताना किंवा रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्यापैकी अनेकांनी माझा आवाज ऐकला असेल. चेहरा मात्र कुणी ओळखत नाही. बाजारात "मेथी कशी दिली, मावशी?" असे विचारले की भाजीवाली मान वर करते आणि म्हणते, "तुम्ही रेडिओवालं न्हवं?" एवढीच आमची प्रसिद्धी. पण तो आवाजच माझी ओळख आणि तीच माझी भाकरी. २०१७ साली हा आवाज मी माझ्याच हाताने घालवत आणला होता. कारण कोणते? तर खेळाचे वेड.

वेड लहानपणापासूनचे

आमच्या कृष्णाकाठी खेळाचे वेड कुणाला शिकवावे लागत नाही. प्रत्येक गावात एक तालीम, एक कबड्डीचे मैदान आणि जत्रेला कुस्त्या. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवले, ही गोष्ट आम्ही रामायणातल्या गोष्टींबरोबरच ऐकली. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा, २५ जून १९८३ च्या रात्री, आमच्या आळीतली निम्मी माणसे शेजारच्यांच्या कट्ट्यावर एका ट्रान्झिस्टरभोवती बसली होती. भारताच्या फक्त १८३ धावा. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आणि मग वेस्ट इंडीजचे एकेक मोहरे पडत गेले. १४० वर त्यांचा डाव आटोपला तेव्हा कट्ट्यावर जो जल्लोष झाला, तो आजही कानात आहे. मला मात्र कपिलदेवपेक्षाही त्या डब्यातून बोलणाऱ्या माणसाचे कौतुक वाटले. लंडनचे मैदान त्याने आमच्या कट्ट्यावर आणून ठेवले होते!

पुढे बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन कानात प्राण आणून ऐकायचो. शाळेच्या मैदानावर आमच्या हुतूतूच्या सामन्यांचे समालोचन करताना पत्र्याचा डबा माझा माईक असे. स्वतःही खेळलो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा पहिल्यांदा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा मी कॉलेजच्या संघात डाव्या कोपऱ्याला उभा राहत होतो. गुडघा गेला आणि खेळ सुटला. मग मी मैदानाच्या आतून बाहेर आलो, तो थेट माईकसमोर.

आमचा आठवडा

लोकांना वाटते, रेडिओवाल्याचे काम ते काय? चार गाणी लावायची, मध्ये दोन वाक्ये बोलायची. तेव्हा त्या वर्षीचा माझा आठवडा कसा होता ते सांगतो.

सोमवार आणि मंगळवार पहाटेची सभा. पाच पंचावन्नला प्रसारण सुरू, म्हणजे पावणेचारला उठायचे. आंघोळ करून, कपभर कडक चहा घेऊन, कानटोपी घालून सायकलवरून केंद्रावर. क्यू शीट बघायची, गाणी लावून ठेवायची, घड्याळाकडे डोळा ठेवून फेडर वर करायचा आणि झोपेतून उठलेला पहिला शब्द थेट माईकवर टाकायचा. बुधवारी दुपारची सभा, त्यात फोनवरून फर्माईश सांगणारे श्रोते. गुरुवार-शुक्रवार रात्रीची सभा. घरी यायला साडेअकरा वाजत. मग तांबडा रस्सा आणि भाकरी, आणि जेवण होताच आडवे होणे. शनिवारी ध्वनिमुद्रण: कधी एखाद्या वस्तादांची मुलाखत, कधी राज्य पातळीवर खेळून आलेल्या खो-खोच्या मुली. रविवार सुट्टीचा.

सुट्टीचा म्हणजे मैदानाचा! डिसेंबर ते मे या काळात आमच्याकडे एकही रविवार मोकळा जात नाही. कबड्डीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा, मग जत्रांची कुस्ती मैदाने. "रेडिओवाल्या साहेबांना माईकवर बोलवा" असा निरोप आला की मी निघालोच. मानधन म्हणजे नारळ, फेटा आणि कधी पेट्रोलपुरते पैसे. सौभाग्यवती म्हणायच्या, "सहा दिवस सरकारसाठी बोलता, सातवा दिवस तरी घरात बोला!" मी हसण्यावारी न्यायचो.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्टुडिओत माईक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. तिथे आपण एकाच माणसाशी बोलतो आहोत असे समजून बोलायचे असते. मैदानावर मात्र धूळ, हलगी, शिट्ट्या आणि हजारो माणसांचा गलका. हातात माईक आहे, कर्णे लावलेले आहेत, तरीही माणूस ओरडतोच. गोंगाटात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला नाही की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ सालीच मांडले आहे. मला ते सहा वर्षांनी नव्हे, एकशे सहा वर्षांनी कळले!

त्या रात्री काय झाले

जानेवारी २०१७. तीन दिवसांची कबड्डी स्पर्धा, रविवारी रात्री अंतिम सामना. तीनही रात्री मी एकटाच माईकवर. शनिवारी घसा थोडा खवखवत होता, आवाजाला जरा जाडेपणा आला होता. लवंग चघळली आणि बसलो. सामना बरोबरीत सुटला. मग पाच-पाच चढाया. शेवटच्या चढाईला आमच्या भागातल्या एका पोराने मध्यरेषेला बोटे टेकवली आणि मी असा ओरडलो की घशात काहीतरी फाटल्यासारखे वाटले. दुखले फारसे नाही. पण पुढचे वाक्य निम्मे आवाजात आणि निम्मे नुसत्या वाऱ्यात गेले.

रात्री दीडला घरी. पावणेचारला उठलो. पाच पंचावन्नला फेडर वर केला आणि "नमस्कार" म्हणालो, तर पिंपाच्या तळाशी दगड घासावा तसा आवाज आला. गाणी लावून वेळ भरून काढली. आठ वाजता एका नेहमीच्या श्रोत्याचा फोन आला, "काय ओ, आज नवीन माणूस बसवलाय काय? आमचा जुना माणूस कुठं गेला?" सहकारी हसले. मीही हसलो, पण हसण्याचाही आवाज निघाला नाही.

सहा आठवड्यांची चूक

आता खरी चूक सांगतो, कारण ती आपल्यापैकी बहुतेक जण करतात. मी डॉक्टरांकडे गेलोच नाही. हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळला, खडीसाखर तोंडात ठेवली, पेपरमिंटच्या गोळ्यांची पाकिटे संपवली. आवाज दोन दिवस जरा बरा व्हायचा, पुन्हा बसायचा. सहकाऱ्यांशी ड्युट्या बदलून घेतल्या. बोलायचे तिथे कुजबुजत बोलू लागलो आणि समजत होतो की घशाला विश्रांती देतो आहे.

न जाण्याचे खरे कारण वेगळेच होते. माझे थोरले चुलते आयुष्यभर तंबाखू मळत राहिले. १९८९ साली घशाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या दुखण्याची सुरुवात अशीच झाली होती, बसलेल्या आवाजाने. मी तंबाखू कधी खाल्ली नाही. पण रात्री अंधारात पडलो की चुलत्यांचा तो घोगरा आवाज आठवायचा आणि वाटायचे, नकोच ते डॉक्टर. जे असेल ते कळायलाच नको.

पाचव्या आठवड्यात एका गावच्या मैदानाचे निमंत्रण आले. मी आमच्या घरच्या डॉक्टरांना म्हणालो, "एक इंजेक्शन द्या आणि रविवारपुरता आवाज मोकळा करा." ते भडकले. म्हणाले, "दुखऱ्या गुडघ्यावर इंजेक्शन मारून पैलवानाला आखाड्यात उतरवतात, तसे करू? सूज तेवढ्यापुरती दबेल, तुम्ही पुन्हा ओरडाल आणि कायमचे घालवून बसाल. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला असेल तर आत डोकावून बघितलेच पाहिजे. उद्या मिरजेला जा. चिठ्ठी देतो."

बायको बरोबर आली, म्हणून गेलो.

पडद्यावर दिसलेला आवाज

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून बारीक दुर्बीण आत घातली. नाक आधी औषधाने बधिर केले होते, त्यामुळे थोडी हुळहुळ यापलीकडे त्रास झाला नाही. दोन मिनिटांचे काम. समोरच्या पडद्यावर मी पहिल्यांदाच माझा आवाज पाहिला. पांढऱ्या फितींसारखे दोन स्वरतंतू, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे. श्वास घेतला की उघडतात, बोललो की मिटतात. पुरुषांत त्यांची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. एवढ्याशा फितींवर मी वीस वर्षे संसार चालवला होता!

डॉक्टरांनी समजावून सांगितले. फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने हे तंतू थरथरतात आणि एकमेकांवर आपटतात. साध्या बोलण्यात पुरुषाचे तंतू सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा आपटतात, स्त्रियांचे दोनशेच्या आसपास. म्हणजे एका मिनिटाच्या अखंड स्वराला माझ्यासारख्याच्या घशात सात हजारांच्या घरात टकरी. ओरडले की टकरींची संख्याही वाढते आणि जोरही.

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. दोन्ही तंतूंवर, बरोबर समोरासमोर, ज्वारीच्या दाण्याहून लहान अशा दोन गाठी. 'गाठ' हा शब्द ऐकला आणि माझे हातपाय गार पडले. बायकोने माझा दंड घट्ट धरला. डॉक्टरांच्या ते लक्षात आले. म्हणाले, "घाबरू नका, या कॅन्सरच्या गाठी नव्हेत. पहार चालवणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात की नाही? हे तुमच्या आवाजाचे घट्टे. लहान मुलांत आणि बायकांत जास्त दिसतात. पुरुषांत कमी, पण तुम्ही कामच तसे केले आहे. गाठींमुळे तंतू पूर्ण मिटत नाहीत, मधल्या फटीतून हवा निसटते, म्हणून आवाज घोगरा. शिवाय मागचा भाग लाल दिसतो आहे. रात्री उशिरा जेवून लगेच झोपता का?" माझ्या तांबड्या रश्श्याचा पत्ता त्यांना घशावरून लागला होता! पोटातले आम्ल वर घशापर्यंत येऊन तंतूंना पोळत होते.

बाहेर येऊन बाकावर बसलो आणि किती तरी वेळ आम्ही दोघे काहीच बोललो नाही. सहा आठवडे जी भीती उशाशी घेऊन झोपलो, ती दोन मिनिटांत संपली होती. आणि समजा ती खरी ठरली असती, तर हेच सहा आठवडे मला केवढ्याला पडले असते!

शस्त्रक्रियेची घाई नको, असे डॉक्टरांचे मत पडले. "मिरजेत तंतुवाद्ये करणारे कारागीर बघा," ते म्हणाले, "तार किती ताणायची आणि कधी सैल सोडायची हे त्यांना कळते. तुमची तार सैल सोडू आणि पुन्हा लावू." एक आठवडा मौन, त्यानंतर आठ आठवडे वाचाउपचार.

मौनातला रविवार

आठवडाभर मी गळ्यात मुलीची पाटी अडकवून हिंडलो. केंद्रावर लॉगबुक लिहिले, ध्वनिफितींच्या याद्या केल्या. चहाच्या टपरीवर पाटीवर "कटिंग, साखर कमी" लिहून दाखवले की टपरीवाला जोरजोरात बोलायचा, जणू मी बहिरा झालो होतो!

त्या रविवारी पाय मैदानाकडे वळलेच. वीस वर्षांत पहिल्यांदा मी माईकशिवाय कबड्डी बघत होतो. बोलायचे नव्हते म्हणून असेल, पण अनेक गोष्टी नव्याने दिसल्या. सामन्याआधी अर्धा तास पोरे अंग मोकळे करत होती. धावणे, वाकणे, खांदे फिरवणे. मध्यंतरात एक जण पायाला तेल चोळून घेत होता. एका चांगल्या चढाईबहाद्दराचा गुडघा जरा लचकला, तसा प्रशिक्षकाने त्याला बाहेर बोलावून दुसरा गडी आत पाठवला. तो पोरगा हातापाया पडत होता, "तात्या, एकच चढाई जाऊ द्या." तात्या हलले नाहीत.

हे तात्या माझे कॉलेजपासूनचे सवंगडी. सामना संपल्यावर माझ्याजवळ येऊन बसले. पाटी वाचली, सगळे समजून घेतले आणि म्हणाले, "मर्दा, अंग गरम केल्याशिवाय मी पोराला मैदानात सोडत नाही. दुखावलेल्याला खेळवत नाही. एकट्याला सगळ्या चढाया देत नाही. हे सगळं तू माईकवरून वीस वर्षं लोकांना सांगतोस. मग तुझ्या गळ्याला काय वेगळा नियम हाय व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पाटी हातात असूनही लिहिता आले नाही.

घरी येताना तेच डोक्यात घोळत होते. पहाटे पाच पंचावन्नला मी थंड गळा थेट माईकवर न्यायचो. दुखावलेला असताना खेळवायचो. तीन रात्री एकटाच सगळ्या चढाया करायचो. एखाद्या प्रशिक्षकाने खेळाडूला असे वागवले असते, तर मीच माईकवरून त्याची हजेरी घेतली असती.

नऊ सेकंदांचा दम

वाचाउपचार करणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, कबड्डी खेळलाय ना? मग भरपूर श्वास घ्या आणि एका दमात 'आ' म्हणा." त्यांनी घड्याळ लावले. नऊ सेकंदांत दम संपला. निरोगी पुरुषाला वीस सेकंदांच्या आसपास जमायला हवे, असे त्या म्हणाल्या. कबड्डीत एक चढाई तीस सेकंदांची, ती मी एके काळी दम न सोडता करायचो. आणि आता नऊ! फुप्फुसे चांगली होती. पण फटीतून हवा फुकट जात होती आणि मी छातीच्या वरच्या वर श्वास घेऊन उरलेले काम गळ्याच्या जोरावर ओढत होतो.

मग शिकवणी सुरू झाली. उताणे झोपून पोटावर पुस्तक ठेवायचे, श्वास घेताना पुस्तक वर गेले पाहिजे. ओठ मिटून 'म्' असा हलका गुंजारव. आणि सगळ्यांत मजेचा व्यायाम म्हणजे अर्धा पेला पाण्यात नळी बुडवून, आवाज काढत बुडबुडे सोडायचे. नळीमुळे हवेचा थोडा दाब उलटा बसतो आणि तंतू एकमेकांवर न आदळता हलकेच थरथरतात. पहाटे चारला स्वयंपाकघरात माझे बुडबुडे सुरू झाले की मुलगी पांघरुणातून ओरडायची, "आई, बाबांचं कालवण उकळलं!"

रात्रीची ड्युटी असेल तेव्हा संध्याकाळीच जेवून जाऊ लागलो, घरी आल्यावर फक्त कपभर दूध. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या. पाण्याची बाटली स्टुडिओच्या दाराबाहेर ठेवून गाणे सुरू असताना बाहेर येऊन दोन घोट घेऊ लागलो. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. एक गाठ दिसेनाशी झाली होती, दुसरी नावापुरती उरली होती. दम एकोणीस सेकंद! कॉलेजच्या संघात निवड झाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

पुन्हा मैदानावर

मैदान सोडले का? नाही. डॉक्टरांनीही सोडायला सांगितले नाही. फक्त खेळण्याची रीत बदलली. आता माझ्याबरोबर दुसरा निवेदक असल्याशिवाय मी माईक घेत नाही. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आम्ही वाटून घेतो. एक कर्णा आमच्या दिशेने वळवून ठेवायला सांगतो, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि ओरडावे लागत नाही. पकड झाली आणि लोक उसळले की मी चक्क गप्प बसतो. त्या क्षणी पाच हजार माणसे जे सांगत असतात ते माझ्या ओरडण्याने वाढत नाही. गलका ओसरला की शांतपणे नाव आणि गुण सांगतो. मंडळांचे कार्यकर्ते आधी कुरकुरले, "साहेब, पहिल्यासारखी मजा नाही." पण पुढच्या वर्षी बोलावणे आलेच.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवले. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. दुसऱ्या दिवशी सकाळी माईकवर ही बातमी सांगताना आतून ओरडावेसे वाटत होते. ओरडलो नाही. पोटातून श्वास घेतला आणि साध्या आवाजात सांगितले. कार्यक्रम संपल्यावर एका आजोबांचा फोन आला. म्हणाले, "बातमी कळली, आणि तुमाला किती आनंद झालाय तेबी कळलं."

आवाज न चढवताही आनंद पोचतो, हे कळायला मला एवढी वर्षे लागली.

वाचकहो, हे तुमच्यासाठी

हा आजार काही फक्त रेडिओवाल्यांचा नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गाला शिकवणारे गुरुजी आणि बाई, कीर्तनकार, बाजारात ओरडून माल विकणारे, एस.टी.चे वाहक, मैदानावरचे प्रशिक्षक आणि घरात पोरांवर दिवसभर ओरडणाऱ्या माता, या सगळ्यांचे तंतू माझ्यासारखेच आहेत. डॉक्टरांनी तपासून दिलेली ही थोडी पथ्ये:

१. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तंबाखू, बिडी-सिगारेट, मिश्री किंवा दारूचे व्यसन असेल तर मुळीच वेळ काढू नका. गिळताना त्रास, थुंकीतून रक्त, मानेला गाठ, एका बाजूचा कान सतत दुखणे, यांपैकी काही असेल तर तीन आठवडेही थांबू नका. श्वास घेताना घरघर किंवा धाप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

२. गुळण्यांचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचले असते तर ठसका लागला असता! गुळण्यांनी घशाला आराम वाटतो, तो घ्यावा, पण त्याला इलाज समजू नये. पेपरमिंटच्या तिखट-गार गोळ्यांनी घसा आणखी कोरडा पडू शकतो.

३. दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहा. डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितले असेल त्यांनी मात्र आपले पथ्य मोडू नये.

४. आवाज बसला असताना जोर लावून कुजबुजू नका. हळू बोला किंवा गप्प राहा. वारंवार खाकरू नका, त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या.

५. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा.

६. फार बोलायचे असेल त्या दिवशी आधी पाच मिनिटे गळा मोकळा करा आणि मध्ये मध्ये विश्रांती घ्या. मोठ्या वर्गासाठी, सभेसाठी माईक मिळत असेल तर लाजू नका. माईक हातात आल्यावर ओरडू नका.

७. रविवारपुरता आवाज मोकळा करणारे इंजेक्शन डॉक्टरांकडे मागू नका.

कबड्डीत चढाईला जाणारा गडी कितीही तगडा असो, परत यायला पुरेल एवढा दम तो राखून ठेवतो. दम समोरच्यांच्या अंगणात संपला की खेळ खलास. तात्यांचे हे वाक्य मी पाठ केले आहे आणि पाठ करावे असेच आहे. माझा दम आता बावीस सेकंदांचा आहे. उद्या सोमवार, पहाटेची सभा. चारला पेल्यात बुडबुडे काढून झाले की आपली भेट आहेच, पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी.